विमानाचा तास व व्यापाऱ्याचा दिवस

आपल्या संघाच्या गतवर्षीच्या वार्षिक सभेत, हिशेब मंजूर होऊन आभारप्रदर्शनाची वेळ आली असता, एका तरुण सभासद बंधूंनी एक सूचना मांडली. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून कोल्हापूर, नाशिक, इंदूर आदी सर्व व्यापारी गावांना नित्य विमाने सुरू व्हावीत व त्यासाठी संघाने सरकारदरबारी निवेदन पाठवावे, अशी ती सूचना होती. सभागृहात टाळ्या पडल्या. वेळ उरला नसल्याने चर्चा मात्र झाली नाही व सूचना कार्यकारी मंडळाकडे विचारार्थ गेली. तिच्यामागील तळमळ आम्हांस मनापासून मान्य आहे. तथापि टाळी वाजविण्यापूर्वी वही उघडावी, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण असल्यामुळे तो न झालेला हिशेब आम्ही येथे मांडीत आहो.

दोन लहान विमानतळांमधील अंतर किती आणि प्रवासास वेळ किती, हा प्रश्न वरकरणी अगदी सोपा दिसतो. नाशिकचे उदाहरण घेऊ. सांबरा विमानतळापासून नाशिकजवळच्या ओझर विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४७७ किलोमीटर आहे. विमानवाले अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या मापाने हे अंतर सुमारे २५८ सागरी मैल भरते. पुणे मार्गे मोटारीने जावयाचे तर हाच पल्ला सुमारे ५५० किलोमीटरांचा होतो. म्हणजे आकाशमार्गाने अंतराची जी बचत होते ती फार मोठी नव्हे. बचत आहे ती वेगाची.

पन्नास आसनांचे लहान जेट विमान पूर्ण उंची गाठल्यावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ४७७ किलोमीटरांस ३६ मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात वेळापत्रकात तासाभराचा अवधी धरावा लागतो. विमान धावपट्टीच्या टोकाशी जाण्यात काही मिनिटे जातात. वर चढताना व खाली उतरताना वेग कमी असतो. शिवाय सांबरा व ओझर या दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या साधारणपणे पूर्व-पश्चिम आहेत, तर नाशिक बेळगावच्या उत्तरेस आहे. निघताना पूर्वेस वा पश्चिमेस उडून मग उत्तरेकडे वळावे लागते आणि पोहोचताना पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. म्हणून नकाशावर पट्टी ठेवून काढलेला वेळ व घड्याळातील वेळ यांचा मेळ कधीच बसत नाही.

येथवरचा हिशेब विमान कंपनीचा झाला. आपला हिशेब याहून निराळा आहे. आपण मालाची खरेदी करतो तेव्हा पेठेतील भाव हीच त्याची किंमत असे कोणी मानीत नाही. त्यावर आडत, हमाली, तोलाई, वाहतूक चढते व माल आपल्या दुकानात येऊन पडेपर्यंत जो खर्च होतो, ती त्याची खरी किंमत होय. प्रवासाच्या वेळेसही हाच न्याय लावला पाहिजे. आपल्या दुकानाच्या उंबरठ्यावरून निघून नाशिकच्या आडत्याच्या उंबरठ्यावर पाय ठेवीपर्यंत जो काळ जातो, तो खरा प्रवासाचा वेळ.

तो असा पडतो. शहरातून सांबरा सुमारे १० किलोमीटर. त्यास अर्धा तास. विमान सुटण्यापूर्वी तास-सव्वा तास आधी हजर राहणे आवश्यक. उड्डाणाचा एक तास. उतरून सामान हाती येईतो अर्धा तास. ओझरहून नाशिक शहर सुमारे २० किलोमीटर. वाहन ठरविण्यासह त्यास पाऊण तास. एकूण चार तास झाले. म्हणजे एका तासाच्या उड्डाणास बाहेरचे तीन तास लागतात. तरीसुद्धा मोटारीच्या दहा-अकरा तासांपुढे हे चार तास निःसंशय फायद्याचे आहेत. इंदूरचा हिशेब तर याहून अनुकूल आहे. सरळ रेषेत सुमारे ७७० किलोमीटर असलेल्या त्या शहरी उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत साडेचार तासांत जाता येईल. रस्त्याने मात्र रात्र व दिवस दोन्ही खर्ची पडतात.

आता कोल्हापूर पाहू. सांबरा व उजळाईवाडी या दोन विमानतळांतील सरळ अंतर सुमारे ९६ किलोमीटर आहे. विमानास पुरती उंची गाठावयासही सवड मिळणार नाही. ते चढते न चढते तोच उतरावयास लागेल. उड्डाणाचा वेळ अर्धा तास धरला, तरी शहरातून सांबरा, तेथील तिष्ठणे, सामान व पुढचे वाहन मिळून सव्वातीन तास सहज होतात. महामार्गाने हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे व ते दोन-सव्वादोन तासांत कापले जाते. विमानाने जाणारा मनुष्य मोटारीने जाणाऱ्याच्या मागाहून तासाभराने पोहोचेल, आणि त्यासाठी पैसेही अधिक मोजील. असा सौदा आपल्यापैकी कोणीही करणार नाही. म्हणून कोल्हापूरच्या विमानाची मागणी निवेदनातून वगळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोल्हापूरसाठी काही मागावयाचेच असेल, तर ते रेल्वेकडे मागावे. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत लोहमार्ग झाला. परंतु बेळगावच्या मनुष्यास आजही मिरजेवरून वळसा घेऊनच त्या गावी जावे लागते. त्या वळशावर सोयीच्या वेळी जोडगाडी मिळाली, तर शेकडो सामान्य प्रवाशांचे भले होईल.

नाशिकचा हिशेब मात्र चार तासांवर संपत नाही. आम्हांस विशेषेकरून जे सांगावयाचे आहे, ते येथेच सुरू होते.

समजा, विमान आठवड्यातून तीनच दिवस आहे: मंगळवार, गुरुवार व शनिवार. आपला एक सभासद मंगळवारी विमानाने नाशिकास गेला. दुपारपर्यंत पोहोचून सायंकाळी त्याचे काम उरकले. परतीचे विमान गुरुवारी. बुधवारचा सबंध दिवस तो परगावी बसून काढणार व गुरुवारी दुपारनंतर दुकानात येणार. म्हणजे मंगळवार, बुधवार व बहुतेक गुरुवार असे तीन दिवस गल्ला दुसऱ्याच्या हाती. उलट जो सोमवारी रात्री आठ वाजता बसने निघाला, तो मंगळवारी सकाळी नाशिकात उतरला, दिवसभर काम करून रात्री परत निघाला व बुधवारी सकाळी दुकान उघडण्याच्या वेळी बेळगावात हजर झाला. त्याचा व्यापाराचा एकच दिवस गेला. दोन रात्रींची झोप गेली हे खरे, व साठीच्या पुढील शरीरास ती किती महाग पडते हेही आम्ही जाणतो. पण पेठेच्या हिशेबी पाहता चार तासांच्या विमानापेक्षा अकरा तासांची बस स्वस्त ठरली, कारण बस रात्र घेते आणि विमान दिवस घेते.

यास्तव आमचे म्हणणे असे की, विमानाच्या प्रश्नात तासांपेक्षा वारांचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. किती वेळात पोहोचतो हे विचारण्यापूर्वी, आठवड्यातून कितीदा जातो, कोणत्या प्रहरी जातो आणि ठरल्या दिवशी खात्रीने जातो काय, हे विचारले पाहिजे. सकाळी निघून त्याच दिवशी परतता येत असेल, किंवा निदान दुसऱ्या दिवशी सकाळी परतता येत असेल, तर ते विमान व्यापाऱ्याचे. आपल्या समाजात सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्या दृष्टीनेही दुपारी उशिरा सुटणाऱ्या विमानापेक्षा सकाळचे विमान सोयीचे, हे निराळे सांगावयास नको.

खात्रीविषयी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या परिचयाच्या एका ज्येष्ठ कापड-व्यापाऱ्यांची कन्या नाशिकास दिली आहे. जावयांची शस्त्रक्रिया दुपारी तीन वाजता ठरली होती. वडिलांनी विमानाचे तिकीट काढले व मुलीस कळविले, “मी एक वाजेपर्यंत येतो, तू काळजी करू नकोस.” सकाळी विमानतळावर पोहोचल्यावर त्यांना समजले की, त्या दिवशीचे उड्डाण रद्द झाले आहे. ते तसेच घरी परतले, मोटार ठरविली व निघाले. नाशिकास पोहोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. शस्त्रक्रिया सुखरूप झाली होती. परंतु त्या सात-आठ तासांत ती पोर दवाखान्याच्या बाकावर एकटी बसून होती. तिकिटाचे पैसे कंपनीने पुरते परत केले. ते सांगताना त्या गृहस्थांचा कंठ दाटून आला. ते म्हणाले, “बसने रात्रीच निघालो असतो तर सकाळी पोहोचलो असतो. विमान आहे म्हणून मी विसंबलो.”

विसंबलो हा शब्द आमच्या मनातून जात नाही. व्यापार विसंबण्यावर चालतो. ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, त्याच्या हुंडीस बाजारात मोल नसते. विमानमार्गासही हाच नियम लागू आहे.

आता हे मार्ग असे डळमळीत का असतात, ते पाहिले पाहिजे. लहान शहरांना विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली ‘उडान’ योजना जाहीर केली व २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले उड्डाण झाले. सुमारे ५०० किलोमीटर वा तासाभराच्या उड्डाणास विमानातील काही ठराविक आसनांचे भाडे आरंभी २,५०० रुपयांच्या मर्यादेत ठेवण्यात आले, व त्यामुळे येणारी तूट कंपनीस तीन वर्षांपर्यंत भरून देण्याची सोय झाली. हा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभा केला जातो. म्हणजे आपल्या स्वस्त तिकिटाचा काही भार मुंबई-दिल्लीचा प्रवासी उचलतो, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

या योजनेचे फलित काय झाले? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा २०२३ सालचा अहवाल वाचण्याजोगा आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ते अवघे ५४. शंभर मार्ग मंजूर व्हावेत व त्यांतून सात टिकावेत, असे हे प्रमाण आहे. मार्ग मंजूर करून घेणे कठीण नाही, मार्ग जगविणे कठीण आहे, हाच त्याचा अर्थ. निवेदने धाडून आपण फार तर पहिले साधू. दुसऱ्यासाठी आसने भरावी लागतील.

बेळगावचा अनुभवही हेच सांगतो. १९४२ साली महायुद्धाच्या धामधुमीत सांबऱ्याची धावपट्टी झाली. कोल्हापूरचा विमानतळ त्याहून थोडा जुना. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली तो सुरू झाला. सांबऱ्यास नवी इमारत २०१७ साली उभी राहिली. २०१८ साली येथील काही विमाने हुबळीस गेली, कारण हुबळी तेव्हा उडान योजनेत होती व बेळगाव नव्हते. २०१९ च्या आरंभी बेळगावचा समावेश होताच नव्या मार्गांची रांग लागली. इंदूरचे विमान २०२० साली व नाशिकचे २०२१ साली सुरू झाले. सवलत जिकडे तिकडे विमान, असा हा न्याय आहे. तेव्हा सवलतीची मुदत संपल्यावर काय होणार, याची चिंता वाहणे हे आपलेच काम ठरते.

आपण आसने भरू शकतो काय? येथे प्रामाणिकपणे आकडे मांडू. पन्नास आसनांचे विमान आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन धावले, तर आठवड्यास ३०० आसने होतात व वर्षास १५,६००. आपल्या संघातील १०० कुटुंबांनी प्रत्येकी वर्षातून चार वेळा जाण्या-येण्याचा प्रवास केला, तर ८०० आसने भरतील. म्हणजे एकूण आसनांचा विसावा हिस्सा. यात आपला अभिमान दुखावण्याचे कारण नाही, परंतु एकट्या आपल्या बळावर, किंबहुना एकट्या बेळगाव शहराच्या बळावर, हा मार्ग जगणार नाही हे स्पष्ट होते.

म्हणूनच गावागावांतील चढाओढ आम्हांस अनाठायी वाटते. हुबळीस विमान मिळाले की बेळगावकर खंतावतात, बेळगावास मिळाले की कोल्हापूरकर. वस्तुतः सांबरा ते हुबळी विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ७५ किलोमीटर व सांबरा ते कोल्हापूर ९६. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, खानापूर येथील व्यापाऱ्यांना दोहोंपैकी कोणताही विमानतळ दोन-अडीच तासांच्या आत आहे. तीन विमानतळांनी नाशिकची तीन दुबळी विमाने मागण्यापेक्षा एका ठिकाणाहून एक विमान रोज जावे, हे सर्वांच्या हिताचे आहे. ते विमान सांबऱ्याचे असावे असे आम्हांस वाटणारच. पण ते उजळाईवाडीहून रोज निघणार असेल, तर आठवड्यातून तीनदा सुटणाऱ्या सांबऱ्याच्या विमानापेक्षा आम्ही तेच पत्करू. सीमेच्या अलीकडे कोण व पलीकडे कोण, हा वाद प्रवासाच्या वहीत लिहून ठेवण्यासारखा नाही.

यावर कोणी म्हणतील, आता फोनवर भाव ठरतो, रक्कम क्षणात पोहोचते, मालाचे चित्र हातातल्या यंत्रावर दिसते. मग व्यापाऱ्याने प्रवास करावाच कशाला? आक्षेप रास्त आहे. नित्याच्या खरेदीस प्रवासाची गरज खरोखरच उरलेली नाही. परंतु उधारी तुंबते तेव्हा, नवा आडत्या धरावयाचा असतो तेव्हा, भागीदारीत किंतु उत्पन्न होतो तेव्हा, फोनने काम भागत नाही. पत ही समोरासमोर बसून बांधली जाते. शिवाय आपले प्रवास केवळ व्यापाराचे नसतात. आपल्या मुली नाशकात, इंदुरात, सोलापुरात दिलेल्या आहेत. तेथील सुना आपल्या घरी आल्या आहेत. त्या नात्यांनाही उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचेच अंतर लागू असते.

विमानाशी आपल्या समाजाचे नाते आजचे नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. पुढे ती सरकारकडे गेली व १९६४ साली तिचे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रूपांतर झाले. ओझरचा विमानतळ त्याच संस्थेच्या विमान-कारखान्याचा आहे. म्हणजे आपला प्रवासी नाशिकास ज्या धावपट्टीवर उतरतो, तिचा धागा एका जैन व्यापाऱ्याच्या साहसापर्यंत जाऊन पोहोचतो. आपल्याच भागातील कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाने २०१९ च्या जानेवारीत ‘स्टार एअर’ ही विमानसेवा सुरू केली. ज्यांनी भांडवल घातले त्यांनी आपले धाडस दाखविले. प्रवाशांनी आपला नियमितपणा दाखवावयाचा आहे.

या सर्व विवेचनानंतर कार्यकारी मंडळापुढे आमच्या चार सूचना आहेत. पहिली, कोल्हापूरच्या विमानाची मागणी सोडून नाशिक व इंदूर या दोनच मार्गांवर लक्ष केंद्रित करावे. दुसरी, संघाच्या कचेरीत प्रवासाची एक वही ठेवावी. कोणता सभासद कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, कोठे जाणार, हे तीत नोंदले जावे. सहा महिन्यांची नोंद हाती असली म्हणजे विमान कंपनीपुढे आपण आकडे घेऊन बसू, नुसती विनंती घेऊन नव्हे. तिसरी, हुबळी, कोल्हापूर, निपाणी येथील व्यापारी संघांनी अशाच वह्या ठेवाव्यात व सर्वांनी मिळून एकच निवेदन द्यावे. चौथी, निवेदनात वेगाविषयी एक अक्षरही नसावे; मागणी वारांची, वेळेची व खात्रीची असावी. उड्डाण रद्द होणार असेल तर आदल्या रात्रीच, बस सुटण्यापूर्वी, प्रवाशास कळावे, एवढे जरी पदरात पडले तरी पुष्कळ झाले.

वही आम्ही स्वखर्चाने आणून कचेरीत ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या ज्येष्ठ कापड-व्यापाऱ्यांनी आपल्या हाताने नोंद केली आहे: नाशिक, पौष महिना, मुलीकडे. दुसऱ्या ओळीसाठी जागा मोकळी आहे. सभासद बंधुभगिनींनी ती भरावी, अशी आमची नम्र विनंती आहे.